फ्यूजन गिटार: बोटांची तयारी आणि गाण्याची समज यांचं नातं काय?

फ्यूजन संगीताचा कार्यक्रम संपला की श्रोत्यांमध्ये हमखास दोन तट पडतात. एका तटाला गिटारवादकाचा वेग आठवत असतो. दुसऱ्या तटाचं म्हणणं असतं, 'हात छान फिरतो, पण त्यात गाणं कुठे होतं?' हा वाद वरवर आवडीनिवडीचा वाटतो. प्रत्यक्षात त्यामागे गिटारची रचना, स्वरांचं गणित आणि रियाजाची पद्धत अशी ठोस कारणं आहेत.

पिंपरी-चिंचवड ते चाकण या औद्योगिक पट्ट्यात राहणाऱ्या तरुण वादकासमोर हा प्रश्न रोजचा आहे. शिफ्ट किंवा कॉलेज संपल्यावर हाती उरलेल्या तासाभरात नेमकं काय वाजवायचं, हे त्याच्या उत्तरावर ठरतं.

वाद नेमका काय आहे?

फ्यूजन म्हणजे दोन किंवा अधिक संगीतपरंपरांचा मेळ. या लेखात फ्यूजन गिटार म्हणजे जॅझ-रॉकची भाषा आणि हिंदुस्थानी किंवा कर्नाटक रागसंगीत यांना एकत्र आणणारं वादन.

या वादनासाठी लागणारी शारीरिक तयारी मोठी आहे. त्यातली मुख्य तंत्रं अशी:

- ऑल्टरनेट पिकिंग: प्लेक्ट्रम एकदा खाली, एकदा वर असं नेऊन प्रत्येक स्वर स्वतंत्र छेडणं. सतारीच्या 'दा रा दा रा' बोलांशी याचं साम्य आहे.
- लेगाटो: एकदा छेडलेल्या तारेवर डाव्या हाताची बोटं आपटून किंवा ओढून पुढचे स्वर काढणं. यामुळे स्वर एकमेकांत मिसळल्यासारखे ऐकू येतात.
- स्वीप पिकिंग: प्लेक्ट्रम एकाच दिशेनं अनेक तारांवरून नेत कॉर्डचे स्वर एकामागोमाग सोडणं.
- टॅपिंग: उजव्या हाताची बोटंही पडद्यांवर आपटून मोठ्या अंतराचे स्वर वेगानं वाजवणं.

ही तंत्रं आत्मसात करायला वर्षं लागतात. एक साधा हिशेब पाहा. मेट्रोनोम मिनिटाला 140 ठोक्यांवर ठेवला आणि प्रत्येक ठोक्यात 4 स्वर वाजवले, तर सेकंदाला 9 हून अधिक स्वर होतात. एवढ्या गतीत एकही स्वर न पुसता वाजवणं ही खरी मेहनत आहे. तिला कमी लेखण्याचं कारण नाही.

अडचण वेगळी आहे. साधारण एवढ्या गतीच्या पुढे कान एकेक स्वर वेगळा ऐकेनासा होतो. त्याला स्वरांची आकृती ऐकू येते. ती आकृती सुरेख असेल तर श्रोता तिच्यासोबत जातो. नसेल तर फक्त वेग उरतो आणि वेगाचं आश्चर्य दोन-तीन मिनिटांत ओसरतं.

गिटार वेगाकडे का झुकते?

गिटारचा स्वर जन्मतः क्षणभंगुर असतो. तार छेडली की आवाज लगेच कळसाला पोहोचतो आणि त्याच क्षणापासून विरू लागतो. गायकाकडे श्वास असतो, व्हायोलिनवादकाकडे गज असतो आणि बासरीवादकाकडे फुंकर असते. हे सगळे स्वर सुरू झाल्यानंतरही तो लहानमोठा करू शकतात, फुलवू शकतात. गिटारवादकाला हे सुख नाही. स्वर विरतो म्हणून तो पुढचा वाजवतो, आणि तोही विरतो म्हणून त्याच्या पुढचा. वेगाची ओढ बऱ्याच अंशी वाद्यातच आहे.

तंतुवाद्यांच्या भारतीय परंपरेनं यावर फार पूर्वीपासून उपाय शोधले. सतारीची किंवा तंबोऱ्याची घोडी सपाट, पण किंचित बाकदार असते. तार तिला हलकेच घासत कंप पावते, त्यातून उपस्वर खुलतात आणि नाद लांबतो. हीच जवारी. मिरजेच्या कारागिरांचं नाव ज्या तंबोऱ्यांमुळे देशभर झालं, त्यांचा कस याच जवारीत लागतो. सतारीला शिवाय तरफेच्या तारा असतात. मुख्य तारेचा स्वर लागला की त्या आपोआप झंकारतात आणि स्वराचं आयुष्य वाढवतात.

साध्या गिटारला जवारीही नाही आणि तरफही नाही. इलेक्ट्रिक गिटारवर डिस्टॉर्शन लावलं तर स्वर लांबतो. सत्तरच्या दशकातल्या फ्यूजन वादकांनी त्याचा भरपूर उपयोग केला. पण लांबलेला स्वर आणि फुललेला स्वर यांत फरक आहे. यंत्र स्वर लांबवून देतं. तो फुलवण्याचं काम वादकाच्या बोटाचं.

पडद्यांचा प्रश्न: गंधाराचे 14 सेंट

दुसरी अडचण सुरांची आहे. गिटारचे पडदे सप्तकाचे 12 समान भाग करून बसवलेले असतात. संगीतशास्त्रात सूक्ष्म अंतर 'सेंट' या एककात मोजतात. एका सप्तकात 1200 सेंट, म्हणजे गिटारच्या शेजारच्या दोन पडद्यांमध्ये 100 सेंट.

तंबोऱ्यासोबत नैसर्गिकपणे जुळणारा शुद्ध गंधार षड्जापासून सुमारे 386 सेंटवर येतो. गिटारच्या पडद्यावर तो 400 सेंटवर असतो, म्हणजे 14 सेंट चढा. शुद्ध धैवताचा फरक याहून थोडा जास्त, सुमारे 16 सेंट. पंचम मात्र जेमतेम 2 सेंटनं वेगळा, म्हणून तो खटकत नाही.

वेगानं वाजवताना हा फरक कुणाच्या लक्षात येत नाही, कारण स्वर कानात ठरतच नाही. पण तंबोरा चालू असताना भूपातला गंधार गिटारवर चार सेकंद धरून पाहावा. काहीतरी अवघडल्यासारखं होतं. तार ओढून हे दुरुस्त करावं म्हटलं, तर ओढल्यानं स्वर चढतो, उतरत नाही. आणि गंधार तर आधीच चढा आहे. त्यामुळे वादकाला एक पडदा मागे, कोमल गंधाराच्या जागी जावं लागतं आणि तिथून तार ओढत शुद्ध गंधारापर्यंत यावं लागतं. किती ओढायची याला खूण नसते. तिथे फक्त कान सांगतो.

उतरती मींड तर याहून अवघड. आधी तार न वाजवता ओढून ठेवायची, मग छेडायची आणि हळूहळू सोडायची. ओढ कमी-जास्त झाली तर पहिलाच स्वर बेसूर लागतो. सतारवादक हे वर्षानुवर्षं घोटतो. गिटारवादकानं हे जमवलं तर ती सेकंदाला 9 स्वरांपेक्षा कमी तयारी म्हणता येणार नाही. टाळ्या मात्र बहुतेक वेळा त्या 9 स्वरांना मिळतात.

एक स्वर धरून ठेवण्यासाठी काय केलं गेलं?

भारतीय संगीतातल्या गिटारचा इतिहास पाहिला तर महत्त्वाच्या वादकांनी वाद्यात केलेले बदल बहुधा वेगासाठी नव्हते. ते स्वर लांबवण्यासाठी आणि वळवण्यासाठी होते.

पहिला मार्ग पडदे टाळण्याचा. हवाईयन गिटार मांडीवर आडवी ठेवून तारेवर धातूचा दांडा सरकवत वाजवतात. त्यामुळे दोन स्वरांमधली प्रत्येक जागा मिळते. अली अकबर खाँ यांचे शिष्य ब्रिजभूषण काब्रा यांनी ही गिटार रागसंगीतात आणली. 1967 मधल्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या ध्वनिमुद्रिकेत त्यांची गिटार, शिवकुमार शर्मा यांचं संतूर, हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी आणि माणिकराव पोपटकर यांचा तबला होता. एका मेंढपाळाचा दिवस रागांमधून मांडणारी ही ध्वनिमुद्रिका जगभर ऐकली गेली. त्यातली गिटार कुठेही घाई करत नाही.

विश्वमोहन भट्ट यांनी याच्या पुढे जाऊन गिटारला चिकारी आणि तरफेच्या तारा जोडल्या आणि त्या वाद्याला मोहनवीणा म्हटलं. अमेरिकन गिटारवादक राय कूडर यांच्यासोबतच्या 'अ मीटिंग बाय द रिव्हर' या 1993 च्या ध्वनिमुद्रिकेला पुढच्या वर्षी ग्रॅमी मिळालं. दोघेही स्लाइड वाजवणारे आणि दोघेही स्वरांमध्ये जागा सोडणारे.

दुसरा मार्ग पडदे ठेवून तार मोकळी करण्याचा. इंग्लिश गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन यांच्यासाठी एब्राहम वेक्टर यांनी खास गिटार बनवली. तिच्या दांडीवरचं पडद्यांमधलं लाकूड कोरून काढलेलं होतं. बोट लाकडाला टेकत नसल्यानं तार सतारीसारखी ओढता येई. शिवाय 7 जास्तीच्या तारा तिरप्या बसवलेल्या होत्या.

तिसरा मार्ग सर्वांत कठीण: वाद्य तेच ठेवून बोटं बदलायची. आयआयटी मद्रासमधून नौकाबांधणीचं शिक्षण घेतलेले आर. प्रसन्ना नेहमीच्या पडद्यांच्या गिटारवर कर्नाटक राग गमकांसह वाजवतात. यू. श्रीनिवास यांनी मुळात मींडेसाठी न बनलेल्या इलेक्ट्रिक मँडोलिनवर हेच साधलं होतं.

संतूरचा दाखलाही इथे उपयोगी आहे. संतूरवर तार ओढून मींड काढता येत नाही, म्हणून ते रागसंगीताला योग्य नाही असा आक्षेप घेतला जाई. शिवकुमार शर्मा यांनी कलम तारेवर हलकेच घसरवत स्वर सलग ठेवण्याचं तंत्र विकसित केलं. वाद्य जे देत नाही तेच त्याच्याकडून काढून घ्यायचं, ही तंत्राची वेगळी व्याख्या आहे.

'शक्ती': एकाच ध्वनिमुद्रिकेवर दोन टोकं

या वादाचं सर्वांत चांगलं उदाहरण मॅक्लॉफ्लिन यांचंच आहे. 1969 मध्ये माइल्स डेव्हिस यांच्या 'इन अ सायलेंट वे'च्या ध्वनिमुद्रणात ते वाजवत होते. गिटार वाजवताच येत नाही असं समजून वाजव, असं डेव्हिस यांनी तेव्हा सुचवल्याची आठवण मॅक्लॉफ्लिन सांगतात. सवयीनं हाताशी येणारी सगळी वाक्यं बाजूला ठेवायची, असा त्याचा अर्थ. पुढे 1971 मध्ये त्यांनी महाविष्णू ऑर्केस्ट्रा काढला. त्याच्या प्रचंड आवाजानं आणि वेगानं जॅझ-रॉकचा चेहरा बदलला. स्वरांचा भडिमार होतो, ही टीकाही त्याच काळापासून त्यांच्यामागे लागली.

त्यानंतर ते भारतीय संगीताकडे अधिक गंभीरपणे वळले. अमेरिकेतल्या वेस्लियन विद्यापीठात एस. रामनाथन यांच्याकडे ते वीणा शिकले. मुंबईत जन्मलेले आणि वाढलेले झाकिर हुसेन, व्हायोलिनवादक एल. शंकर आणि घटमवादक विक्कू विनायकराम यांच्यासोबत 'शक्ती' उभी राहिली. इथे इलेक्ट्रिक गिटार नव्हती, ड्रम नव्हते. सगळे जमिनीवर बैठक मारून वाजवत.

'शक्ती'ची पहिली ध्वनिमुद्रिका 1975 च्या एका मैफिलीची आहे. ती 1976 मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात तीनच रचना आहेत. 'जॉय' सुमारे 18 मिनिटांची, विजेच्या वेगाची. तिच्या लगेच पुढे 'लोटस फीट', पाच मिनिटांहून लहान, संथ आणि भजनासारखी. वादक तेच, गिटार तीच, मैफलही तीच.

वेग आणि भाव परस्परविरोधी असते तर हे शक्य झालं नसतं. 'जॉय'मध्ये गिटार आणि व्हायोलिन एकमेकांचे तुकडे उचलतात, तबला आणि घटम त्यांना उत्तर देतात. वेग संभाषणाचा आहे. 'लोटस फीट'मध्ये उत्तर द्यायला काही नसतं. प्रत्येक स्वर उघडा पडतो आणि तो कसा सुरू झाला, कुठे वाकला, कधी सोडला हे सगळं ऐकू येतं. संथ रचना सोपी असते हा समज तिथे गळून पडतो.

नव्वदच्या दशकात 'रिमेंबर शक्ती' या नावानं हा गट पुन्हा जमला. त्यांची 'सॅटर्डे नाइट इन बॉम्बे' ही 2001 ची ध्वनिमुद्रिका मुंबईतल्या मैफिलीची आहे. यू. श्रीनिवास, शिवकुमार शर्मा, देबाशिष भट्टाचार्य आणि शंकर महादेवन तिच्यात आहेत. मुंबईत वाढलेले, संगणक अभियांत्रिकी शिकलेले शंकर महादेवन यांना श्रीनिवास खळे यांचं मार्गदर्शन मिळालं होतं. वाद्यांच्या धावपळीत मानवी आवाज आला की गिटारलाही श्वास घ्यावा लागतो. गटाला त्याचा फायदा झाला. 'शक्ती'च्या 'धिस मोमेंट' या 2023 च्या ध्वनिमुद्रिकेला 2024 मध्ये ग्रॅमी मिळालं. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये झाकिर हुसेन यांचं निधन झालं.

महाराष्ट्राला हा वाद नवा नाही

'तयारीचा गवई' हे मराठीत कौतुकही आहे आणि टोमणाही. बोलणाऱ्याच्या स्वरावरून अर्थ कळतो. मिरजेत स्थायिक झालेल्या अब्दुल करीम खाँ यांच्या किराणा गायकीत सुराला सर्वोच्च स्थान होतं. जयपूर-अत्रौली घराण्यात रागाची गुंतागुंतीची, वळणावळणाची बांधणी मानाची होती. दोन्ही घराण्यांना महाराष्ट्रात जाणते श्रोते लाभले.

किशोरी आमोणकर (1932-2017) यांना आई मोगूबाई कुर्डीकर यांच्याकडून जयपूर घराण्याची कडक तालीम मिळाली होती. पुढे त्यांनी आलापाला अधिक वेळ दिला आणि रागाचा भाव हा गाण्याचा केंद्रबिंदू मानला. परंपरावाद्यांनी यावर नाराजी दाखवली. पण भावाकडे जाण्यासाठी त्यांनी तालीम टाकून दिली नाही. ती तालीम होती म्हणूनच त्यांना एका स्वरावर थांबण्याचं धैर्य आलं. गिटारच्या वादात हा मुद्दा अनेकदा सुटतो. ज्याला वेगात वाजवता येत नाही त्याचं संथ वाजवणं आपोआप भावपूर्ण ठरत नाही.

वेग संगीताचा केव्हा होतो?

याचं उत्तर या पट्ट्यातल्या लोकांनी अनेकदा ऐकलेलं आहे. देहू शहराला लागून आहे आणि आळंदी चाकणच्या वाटेवर. तुकाराम महाराजांच्या पालखीचा मुक्काम आकुर्डीत असतो. वारकरी भजनात अभंगाची ओळ चालू असताना पखवाज साधा भजनी ठेका धरतो. टाळकऱ्यांनी चाल उचलली, आवाज चढला की पखवाजावर दुगुन येते. तिथे पखवाजवादकाचा हात वेगानं चालतो, पण कुणी त्याला 'दाखवतोय' म्हणत नाही. वेगाची गरज आधी गाण्यात तयार झालेली असते.

रागसंगीतातला झाला असाच शेवटी येतो. त्याआधी आलाप आणि जोड झालेले असतात. तिहाईतही तेच तत्त्व आहे. एक तुकडा तीनदा वाजवायचा आणि तिसऱ्याचा शेवट नेमका समेवर आणायचा. त्रितालात 16 मात्रा असतात. 5 मात्रांचा तुकडा आणि मध्ये 1 मात्रेची विश्रांती धरली, तर 5 + 1 + 5 + 1 + 5 म्हणजे 17. समेपासून सुरू केलेली तिहाई बरोबर पुढच्या समेवर येते. पहिल्या आवृत्तीत श्रोत्याला तुकडा कळतो, दुसऱ्यात तो ओळखीचा होतो, तिसऱ्यात त्याची वाट पाहिली जाते. समेवर दाद जाते ती त्या वाट पाहण्याला.

म्हणजे वेगाला दोन गोष्टी लागतात: आधीची गरज आणि पोहोचण्याचं ठिकाण. या दोन्हींशिवायची गती कितीही स्वच्छ असली तरी ती सरावाच्या खोलीतली राहते.

पिंपरी-चिंचवड ते चाकण: मोजमापाच्या गावातला रियाज

या पट्ट्याचं सगळं जगणं मोजमापावर चालतं. कारखान्यात मायक्रॉनमध्ये जाडी मोजली जाते, सेकंदांत सायकल टाइम मोजला जातो. जे मोजता येतं ते सुधारता येतं, हा इथला अनुभव आहे आणि यंत्रांच्या बाबतीत तो खराही आहे.

गिटारच्या सरावात हीच सवय नकळत येते. मेट्रोनोमवर कालचे 120 ठोके आज 124 झाले, हे आकड्यात दिसतं. प्रगती झाल्याचं समाधान मिळतं. गंधार काल 10 सेंट चढा लागत होता, आज 4 सेंट लागतो, हे सहसा कुणी नोंदवत नाही. आलापात कुठे थांबलो आणि ते थांबणं योग्य होतं का, याला तर आकडाच नाही. हळूहळू मोजता येणाऱ्या गोष्टींचाच रियाज होतो.

परिस्थितीही वेगाच्या बाजूनं असते. भाड्याच्या फ्लॅटमध्ये अँप्लिफायर मोठा करता येत नाही, म्हणून सराव हेडफोन लावून, एकट्यानं होतो. एकट्याच्या सरावात समोरचा तबलजी नसतो, गायक नसतो. थांबून ऐकण्याची सवय लागत नाही. मग बँडसोबत उभं राहिल्यावर गिटार सतत बोलत राहते.

यावर उपाय परिसरातच आहेत. पुण्यात 1953 पासून सवाई गंधर्व महोत्सव होतो. एनएच7 वीकेंडर हा रॉक आणि इतर नव्या संगीताचा महोत्सवही 2010 मध्ये पुण्यातच सुरू झाला. एका टोकाला तासभर चालणारा ख्याल, दुसऱ्या टोकाला अँप्लिफायरची भिंत. दोन्ही ऐकण्याची संधी इतक्या जवळ फार थोड्या शहरांना मिळते. भजनी मंडळाच्या पखवाजवादकासोबत महिन्यातून एकदा बसणं हाही गिटारवादकासाठी उत्तम धडा ठरू शकतो.

तासाभराच्या सरावात काय करावं?

- पहिली 10 मिनिटं तंबोऱ्याचं अ‍ॅप लावून सा, ग, प हे तीनच स्वर लांब धरावेत. ट्यूनरकडे न बघता आधी कानानं ठरवावं, मग तपासावं.
- जो तुकडा वाजवायचा तो आधी गुणगुणावा. आवाज चांगला असण्याची गरज नाही. जे गाता येत नाही ते बोटांच्या सवयीतून आलेलं असण्याची शक्यता जास्त.
- एक ओळ एकाच तारेवर वाजवावी. त्यामुळे स्वरांची जागा बदलण्याऐवजी मींड आणि घसीट वापरावी लागते.
- वेगाचा सराव जरूर करावा, पण प्रत्येक वेगवान तुकडा समेवर आणून थांबवावा. थांबल्यानंतरच्या चार मात्रा काहीही वाजवू नये.
- शेवटी स्वतःचं वादन ध्वनिमुद्रित करून दुसऱ्या दिवशी ऐकावं. वाजवताना भरलेली वाटणारी जागा ऐकताना अनेकदा गजबजलेली वाटते.

ऐकताना काय तपासावं?

श्रोत्यालाही काही साधे प्रश्न विचारता येतात. वेगवान भाग संपल्यावर एखादी ओळ मनात राहिली का? वादक इतरांना उत्तर देत होता, की त्यांच्या वरून वाजवत होता? सर्वांत लांब स्वर कोणता होता आणि तो तंबोऱ्याशी जुळला का? शांततेचा एखादा क्षण होता का? हाच तुकडा अर्ध्या वेगात वाजवला तर तो ऐकावासा वाटेल का?

शेवटचा प्रश्न सर्वांत उपयोगी. आता अनेक अ‍ॅपवर ध्वनिमुद्रणाचा वेग पट्टी न बदलता कमी करता येतो. चांगल्या वादकाची तान अर्ध्या वेगात ऐकली की आतले कण, जोर आणि वळणं दिसू लागतात. तिच्यात आणखी गाणं सापडतं. नुसत्या कसरतीचा तुकडा अर्ध्या वेगात ऐकला की फक्त पडद्यांचा क्रम उरतो.

बोटांची तयारी आणि गाण्याची समज हे तराजूचे दोन काटे नाहीत, एक वाढला की दुसरा घटावा असे. गिटारसारख्या लवकर विरणाऱ्या, समान पडद्यांच्या वाद्यावर एक गंधार सुरात धरणं हीसुद्धा तयारीच आहे, आणि ती मेट्रोनोमवर दिसत नाही. त्यामुळे 'वादक किती वेगात वाजवतो?' यासोबत 'तो किती वेळ एका स्वरावर थांबू शकतो?' हेही विचारलं, तर दोन्ही तटांना निदान एकच मैफल ऐकल्यासारखं वाटेल.